पोच

सिव्हिल लाइन्समधल्या त्या हॉलात तीन कूलर,
त्यातला एक नुसताच आवाज करणारा.
मे महिन्यात करार करायला
नागपूरला कोणी येतं का, असं
काठमांडूच्या वकीलबाई चहा फुंकत म्हणाल्या,
आणि ते मी कोणत्याच भाषेत पुढे नेलं नाही.

करार नव्हताच अजून.
पाया खणण्याआधी दोरी लावतात,
चुन्याची फक्की मारतात जमिनीवर,
तेवढंच.
पाच देशांची माणसं, सरकार एकाचंही सोबत नाही,
आणि एकोणीस पानी मसुदा,
ज्यावर एकमत नाही ते ते चौकटी कंसात.
लांबून पान खिडकीच्या जाळीसारखं दिसायचं.

मी दुभाष्या. रोजाने.
पहिल्याच कलमात अडलो.
माहितीपर्यंत, निर्णयापर्यंत, न्यायापर्यंत
माणसाचं जे काय असायला हवं, ते एका शब्दात.
'प्रवेश' लिहिलं तर दार आलं, दारावर वॉचमन.
'उपलब्धता' लिहिलं तर रेशनचं दुकान.
मोघरकर सरांनी 'अभिगम' सुचवला;
त्यावर कोणी काहीच बोललं नाही,
तो तिसरा कूलरसुद्धा क्षणभर थांबला.

पंचफुला उईके मागच्या रांगेत बसली होती,
दोन बसा बदलून आलेली,
राखतळ्याच्या खालच्या अंगाला तिचं गाव, पिपळाडोह.
खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी,
पिशवीत फाइल, फाइलीत चौदा अर्ज :
विहिरीचं पाणी कोणी तपासलं, आकडे द्या.
बांध फुटला त्या रात्रीची रजिस्टरची नक्कल द्या.
जनसुनावणी कुठे झाली, आमच्या गावातून कोण होतं, नावं द्या.
मी विचारलं, बाई, यातलं आधी काय पाहिजे?

"पोच," ती म्हणाली.
"कागद ठेवून घेतेत, पन पोच देत नाई.
साहेब म्हंते, जा तू, पाहून घेतो.
मंग मी गेली होती का नाई गेली,
हे कोनाले अन् कसं दाखवू?"

पोच.
पेन्सिल हातातच राहिली.
आई हा शब्द माझ्यासाठी राखून ठेवायची :
एवढा शिकला, पण कार्ट्याला काही पोच नाही.
हात जाईल तिथवरची ती पोच,
कागद मिळाल्याची सही ती पोच,
आणि अक्कल, तीही पोचच.
तिन्ही एकाच खुंटीला टांगलेले,
आणि मी डिक्शनरीत शोधत बसलो होतो.

मोठ्याने वाचलं.
वकीलबाई म्हणाल्या, आमच्याकडे पहुँच.
ढाक्याचे मोइनुल म्हणाले, पौंछानो, पोहोचणं, जवळचंच.
वरच्या गावात नदीला एक नाव,
खालच्या गावात जरा वेगळं, पाणी तेच,
तसं वाटलं मला दोन मिनिटं.
कोलंबोचे निहाल सर मात्र चष्मा पुसत राहिले.
त्यांच्या भाषेत तो शब्द नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं,
पण ही पोच देणार कोण?

संध्याकाळी साडेसहाला चौथ्या कलमात एक ओळ वाढली :
*अर्ज घेणाऱ्याने, घेतला त्याच वेळी, पोच द्यावी.*
सातला कोणीतरी हरकत घेतली 'त्याच वेळी'वर.
दोन्ही शब्द कंसात गेले.

बाहेर अजून झळा. रस्त्याचं डांबर मऊ.
पंचफुला पायऱ्यांवर थांबली होती, पिशवी पोटाशी धरून.
"दादा, मी आज आली होती इथं. त्याची पोच?"
माझ्याकडे ना लेटरहेड, ना शिक्का.
कार्यक्रमपत्रिका उलटी केली,
गुडघ्यावर धरून लिहिलं :
श्रीमती पंचफुला उईके, मु. पिपळाडोह,
चौदा अर्जांच्या झेरॉक्ससह उपस्थित होत्या. सही.
तिनं कागद दिव्याखाली नेला,
एकेका अक्षरावरून बोट फिरवलं,
आणि परत माझ्यासमोर धरला.

"टाइम नाई टाकला," ती म्हणाली.